थंडीचा कोट घालून

हिएताकोस्की, १२ मे

तौनोदादा,

हे पत्र रायफलीबद्दल आहे. दुसऱ्या कशाबद्दलही नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू पाकीट न फोडता शेगडीत टाकणार नाहीस. फोन तू तीन वर्षं उचलत नाहीस, म्हणून टपालाने पाठवते आहे. टपाल निदान खाली आपटता येत नाही.

मी शिकाऱ्याची परीक्षा पास झाले. हस, हसून घे. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवशिक्यांच्या बाकावर गुडघे दुमडून बसले आणि साठातले एकोणसाठ प्रश्न बरोबर सोडवले. एक बदक चुकलं. ते बदक चित्रात नीट काढलेलंच नव्हतं.

कारण सांगते. मोठ्या खडकाजवळचा बाबांचा दबा धरून बसायचा ठिय्या शिकार मंडळाने त्यांच्या मानाखातर तीन हंगाम रिकामा ठेवला. आता पुरे झालं म्हणतात. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी बैठक आहे. नियम तुला पाठ असेल: घरात कुणाकडे रायफल असेल आणि नेमबाजीची चाचणी कुणी पास असेल, तर ठिय्या घरात राहतो. नाहीतर तो दुसऱ्याला जातो. दुसरा म्हणजे शेजारचा उर्पो, ज्याला बाबा जन्मभर 'कावळा' म्हणत आले. त्याने आत्ताच खडकावर बसायची गादी नेऊन ठेवली आहे. लाल आहे, फुलाफुलांची. बाबांच्या खडकावर!

चौतीस वर्षं मी हाकाऱ्यांत होते, दादा. दलदलीतून पातेलं बडवत, घसा फोडत, मूस हरणं तुमच्या पुढ्यात आणून दिली. तुम्ही बाप-लेक खडकावर बसून कॉफी प्यायलात. आता मला बसायचं आहे, आणि तिथेच बसायचं आहे.

तेव्हा प्रश्न एवढाच: पहिली रायफल कुठली घ्यावी? माझ्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीत हल्ली कुणी पुस्तक बदलायला येत नाही, सगळे सल्ला द्यायला येतात. गोळीच्या मापावरून गावात दोन पंथ आहेत, साडेसहावाले आणि तीनशेआठवाले. चर्चमध्ये वेगवेगळ्या बाजूला बसायचंच काय ते बाकी राहिलंय. पाद्रीबाई स्वतः साडेसहावाल्या निघाल्या.

तुला यातलं कळतं. बाबांची रायफलही तुझ्याकडेच आहे. त्यांच्या दफनानंतरच्या कॉफीच्या वेळी मी काहीबाही बोलले असेन. त्या दिवशी कॉफी फारच कडक झाली होती.

तुझी बहीण (अजूनही),
हेल्वी

३ जून

तौनोदादा,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला व्हेस्तेरोसचं तळं, मागच्या बाजूला '308'. बाकी काही नाही, सहीसुद्धा नाही. तीन वर्षांच्या अबोल्यानंतर तीन आकडे, म्हणजे वर्षाला एक पडला. आठाचा आकडा मात्र सुरेख काढला आहेस. कार्ड फ्रिजवर लावलंय.

त्या तीन आकड्यांच्या जोरावर शहरातल्या दुकानात गेले. छान ऊन होतं, दुकानात मी एकटीच. विक्रेता तरुण, गुळगुळीत दाढी केलेला. मला बघताच त्याने प्लास्टिकच्या दस्त्याची एक रायफल पुढे केली.

"ही घ्या मॅडम, बायका हीच नेतात. अगदी हलकी आहे."

"हलकी कशाला?"

"उचलायला सोपी ना."

"अरे, मी अकरा टनांची गाडी चालवते. तीत तीन हजार पुस्तकं असतात, त्यातली निम्मी जाडजूड. मला उचलायला सोपं काही नकोय."

नंतर अर्मासने सांगितलं की हलकी बंदूक दुकानात गोड लागते आणि रानात कडू, खांदा निळा करून ठेवते. (अर्मास तुला आठवतो ना? आपल्या गावचा बंदुकीचा कारागीर. चौऱ्याऐंशीचा झाला, काम सोडलंय, पण मत सोडलेलं नाही.) दुकानात मी ती सोडून अक्रोडाच्या दस्त्याची एक उचलली, खांद्याला लावली, आणि दादा, काय बसली म्हणून सांगू! डोळा उघडला तो थेट दुर्बिणीच्या मधोमध. तिथल्या तिथे राखून ठेवायला सांगितली.

मग परवान्यासाठी पोलिसांत गेले. तिथल्या बाई भल्या आहेत, पण प्रश्न छापील.

"तुमचा कुणावर राग आहे का?"

मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, "एका भावावर आहे. पण तो स्वीडनमध्ये असतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अर्धा तास समजावत बसले की हा राग बंदुकीच्या पल्ल्यातला नाही, घरगुती आहे. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते वाकून बघितलं, पण अक्षर डॉक्टरांसारखं होतं.

आणि हो, त्या कॉफीचं आता थोडं आठवतंय. 'घेऊन जा ती रायफल' असं मी म्हणाले होते. एवढंच.

हेल्वी

७ जुलै

तौनोदादा,

माझी फजिती झाली आहे. तुला सांगते, कारण तू लांब आहेस आणि गावात कुणाला सांगणार नाहीस. तसंही गावात कुणाशी तू बोलतोसच कुठे.

गेल्या मंगळवारी अर्मास गाडीत आला. मधमाश्यांचं तेच पुस्तक त्याने विसाव्यांदा परत केलं आणि तेच पुन्हा मागितलं. मी कौतुकाने अक्रोडाच्या रायफलीचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं,

"पोरी, बघायला गेलीस तेव्हा अंगात काय होतं?"

"टी-शर्ट."

"आणि मूस टी-शर्टात मारणार आहेस?"

तुला कळलंच असेल. आपल्या गावात प्रत्येकाने ही चूक एकदा केली आहे आणि कबूल एकानेही केलेली नाही. उन्हाळ्यात बंदूक पसंत करायची आणि ऑक्टोबरात लोकरीचा स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर कोट चढवला की दस्ता काखेत अडकतो. समोर मूस उभं, आणि आपण बगलेत झटापट करतोय. उर्पोने तर ही चूक दोनदा केली आहे, असं अर्मास म्हणाला. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

मग काय! जुलै महिन्यात, सत्तावीस अंशांत, लोकरीचे दोन थर, बाबांच्या कोटासारखा जाडा कोट, कानटोपी आणि हातमोजे घालून मी दुकानात शिरले. विक्रेत्याने आधी खुर्ची आणली, मग पाणी.

"मॅडम, कुणाला फोन करू का? घरी कुणी आहे?"

"फोन नको. रायफल आण."

"तुम्हाला ताप वगैरे...?"

"मला ऑक्टोबर आहे. आण रायफल."

अक्रोडवाली खांद्याला लावली. काखेत अडकली, दोन बोटं जास्त. दुसरी लावली, तिसरी लावली, ती बायकांची हलकीसुद्धा लावून बघितली. दुकानातल्या अकरा रायफली झाल्या. सगळ्या तुझ्यासारख्या ताडमाडांच्या मापाच्या. माझ्या मापाची एक नाही. कानटोपीतून घाम गळत होता आणि सांगायला लाज वाटते, थोडं पाणी डोळ्यांतलंही होतं. राखून ठेवलेली रायफल सोडून दिली.

एखाद्या रायफलीचा दस्ता माझ्या मापाने कापून देशील का, विचारायला अर्मासकडे गेले. त्याने दोन्ही हात पुढे केले. थरथरतात रे. "दस्त्याला आता हात लावत नाही," म्हणाला. "पण माप घेऊन देतो, कुणाकडून तरी कापून घे." मग मला कोटासकट कारखान्यात नेलं.

तिथे भिंतीवर मी एक गोष्ट पाहिली. ती या पत्रात लिहीत नाही, आधी सौनाच्या वाफेत बसून मला जरा विचार करू दे. फक्त एक विचारते. ख्रिसमसला तुझ्या बायकोने फोटो पाठवला होता (तू नव्हे), त्यात तुझ्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण दिसला. बाबांच्या रायफलीचा दस्ता तुला आखूड पडतो, बार काढला की दुर्बीण कपाळावर लागते ना रे? दर वर्षी लागते?

हेल्वी

१५ जुलै

दादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन मी सौनाच्या शेगडीत घातली. तिथला विस्तव त्यावर पेटला, एवढाच त्यांचा उपयोग झाला.

अर्मास वही ठेवत नाही. ज्याचं माप घेतो त्याच्या मापाची एक लाकडी पट्टी कापतो, तीवर नाव लिहितो आणि भिंतीवर खिळ्याला टांगतो. गावातली सगळी माणसं तिथे टांगलेली आहेत, मेलेलीसुद्धा. माझ्यासाठी नवी पट्टी कापायला त्याने जुन्या बाजूला सारल्या आणि थांबला. मग एक काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: 'हेल्वी. थंडीचा कोट घालून.' खाली मार्च महिना. बाबांचा शेवटचा मार्च.

मी म्हटलं, "मी कधी आले होते?"

"तू नाही आलीस. मी आलो होतो तुमच्याकडे."

आणि मला लख्ख आठवलं. बर्फ होतं, मी कोटात होते. बाबा अंगणात बुटाची नाडी बांधत बसले होते आणि रायफल माझ्याकडे देऊन म्हणत होते, "ही जरा धर. लाव खांद्याला. त्या गोठ्यावरच्या पाखरावर धर. आता उतरव. पुन्हा लाव." तीन वेळा! मी वैतागून म्हटलं, "बाबा, नाडी बांधताय की लग्नाची गाठ?" आणि अर्मास बाजूला घडीची पट्टी घेऊन सौनाचं दार मोजत उभा होता. मला वाटलं, दार बदलायचंय. ते दार अजून तेच आहे.

आपण दोघं समजत होतो की म्हातारपणी बाबा आखडले म्हणून त्यांनी दस्ता कापून घेतला. तो त्यांनी माझ्यासाठी कापला होता.

अर्मास म्हणाला, "ऑक्टोबरात देणार होता तुला. मला वाटलं, दिली असेल."

"तीन वर्षं तू दर मंगळवारी माझ्या गाडीत येतोस! बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

या गावात राहून माणूस वेडं कसं होत नाही, हेच नवल आहे.

अर्मास सांगतो की दस्त्याच्या टोकाला जी रबरी गादी आहे, तिच्याखाली लाकडावर तो माप आणि नाव लिहून ठेवतो. दोन स्क्रू आहेत. काढून बघ. नाही बघितलंस तरी चालेल. रायफल मी मागत नाहीये. ती मीच तुझ्या छातीवर आदळली होती, वीस माणसांसमोर.

आता ती कॉफी. कडक नव्हती, नेहमीसारखीच होती. मी काय बोलले ते मला पहिल्यापासून शब्दन् शब्द आठवतंय. 'तू बाबांसाठी आला नाहीस, ते गेल्यावर बंदुकीसाठी आलास. जा घेऊन.' उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तू फक्त कप बशीत ठेवलास तोही आवाज न करता.

आणि त्याहून वाईट गोष्ट तुला माहीत नाही. बाबांना इस्पितळात नेलं त्याच दिवशी ते म्हणाले होते, "तौनोला कळव." मी म्हटलं, उद्या कळवते. उद्या, उद्या करत बारा दिवस गेले, मग तुला फोन केला. मला वाटत होतं, बरे होऊन घरी येतील, आणि मग मला म्हणता येईल की सगळं मी एकटीने केलं, स्वीडनवाल्याची गरजसुद्धा पडली नाही. तुझं जहाज लागलं तेव्हा ते गेले होते. आणि मी सगळ्यांदेखत तुलाच उशिरा आलास म्हणून टोचलं. तुला उशीर झाला नव्हता, दादा. मी उशीर केला.

एवढंच. नेहमी 'एवढंच' लिहून मी काहीतरी मागे ठेवते. या वेळी खरंच एवढंच आहे.

हेल्वी

१८ ऑगस्ट

दादा,

दोन पानं! पाठपोट! टपालवाल्याने पाकीट हातावर तोलून बघितलं आणि म्हणाला, "स्वीडनमध्ये कुणी गेलं का?" मी म्हटलं, "उलट. कुणीतरी येतंय."

बारा दिवसांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. ठीक आहे. मी तेवढी वाट बघू शकते.

तुझ्या भुवईला एकूण सहा टाके पडले, हे वाचून आधी हसले. मग पुढचं वाचलं. वरून रबर जोडून दस्ता लांब करून देतो, असं तिथला दुकानदार तुला सांगत होता, आणि 'बाबांनी जसं केलं तसंच राहू दे' म्हणून तू तीन वर्षं कपाळ फोडून घेत राहिलास. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हाच. घराण्यात आहे आपल्या. माझं माप तू तीन वर्षं सांभाळलंस, दादा, आणि तुला ते माहीतही नव्हतं.

आता कामाचं. तू देऊ केलेली रायफल माझ्या नावावर करायचा कागद नोव्हेंबरच्या आत होणार नाही, असं पोलिसबाई म्हणाल्या. तोपर्यंत मी ती चालवू शकते, पण मालक हातभर अंतरावर हजर पाहिजे.

"मालक म्हणजे स्वीडनवाला तोच भाऊ का?" त्यांनी विचारलं.

"तोच."

"राग?"

"आता पल्ल्यात येतोय," मी म्हटलं. पण या वेळी बाई हसल्या.

चाचणी तेवीस तारखेला, बंदराहून थेट मैदानावर ये. पंच्याहत्तर मीटरवर कागदी मूस, नव्वद सेकंद, चार गोळ्या, चारही गोलाच्या आत. मी थंडीच्या कोटात असेन, कारण ती रायफल मला कोटातच बसते. ऑगस्टमध्ये कानटोपी घातलेली जी बाई दिसेल, ती मी. ओळख नाही दाखवलीस तरी हातभर अंतरावर उभं राहणं तुला भाग आहे.

वेलचीचे गोड पाव करून ठेवते. तुला वाढलेल्या कॉफीची हमी मात्र देत नाही.

हेल्वी

१ सप्टेंबर

दादा,

तू जहाजात बसलास आणि इकडे बैठक झाली. आधी एक नोंद: चारही गोळ्या आत होत्या. चौथी काठावर गेली ती तुझ्या खोकल्यामुळे. तो खोकला खरा नव्हता, हे मला माहीत आहे. तू डोळे पुसत होतास.

उर्पो पूर्ण तयारीने आला होता. उभा राहून म्हणाला, "चाचणी हेल्वीची, पण रायफल हेल्वीची नाही. रायफलवाला परदेशात राहतो. मग ठिय्या घरात कसा राहतो?"

अध्यक्ष रेइयोने चष्मा लावून नियम दोनदा वाचला. नियमात 'घरात कुणाकडे रायफल' असं आहे आणि 'कुणीतरी चाचणी पास' असं आहे. तो कुणी आणि हा कुणी एकच पाहिजे, असं कुठेच नाही. "रायफल घरात आहे, चाचणी घरात आहे," रेइयो म्हणाला. "फक्त मालक तिच्या शेजारी बसला पाहिजे."

"एका ठिय्यावर दोघं?" उर्पो ओरडला. "बोलत बसतील! सगळं रान उठवतील!"

"ही दोघं?" रेइयो म्हणाला. "ही तीन वर्षं बोललेली नाहीत."

सगळी खोली हसली. अर्मासने सगळ्यात आधी हात वर केला आणि बराच वेळ तसाच थरथरत ठेवला. एक मत विरुद्ध गेलं, कुणाचं ते सांगायला नको.

तेव्हा ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. सुट्टी काढ. प्रेमाने बोलावत नाहीये, कायदा आहे.

हेल्वी

मोठा खडक, शनिवार, साडेआठ

दादा, ठिय्यावर बोलायला बंदी, म्हणून पावाच्या कागदावर लिहितेय. वाच आणि इकडे परत दे.

एक. तुझं चावणं रशियात ऐकू जातंय.

दोन. जरा सरक. उर्पोची गादी मऊ आहे, हे त्याला कधीही सांगायचं नाही.

तीन. आज हाकाऱ्यांत उर्पो आहे. पातेलं बडवतोय, ऐक. बाबा असते तर बघ.

चार. हे परवा बंदरावर बोलणार होते, काल सौनात बोलणार होते, सकाळी गाडीतही बोलणार होते. जमलं नाही. बंदी नसती तरी आत्ताही जमलं नसतं. बारा दिवसांबद्दल मला माफ कर. खाली जागा सोडली आहे. तीन आकडे लिहिलेस तरी चालतील.

(खाली, तौनोच्या अक्षरात)

हेल्वी, कोटाची वरची गुंडी लाव, थंडी आहे. तुझा फोन आला त्या दिवशी दुपारचं जहाज मला मिळत होतं. मी बंदरावर बाकावर बसून राहिलो आणि ते जाऊ दिलं. बाबांना तसं बघायची भीती वाटली. संध्याकाळच्या जहाजाने आलो. हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तू कॉफीच्या वेळी बोललीस ते मला खरं वाटलं, म्हणून फोन उचलला नाही, रागाने नाही. म्हणजे उशीर दोघांनी केला. अर्धा अर्धा. आता पेन्सिल ठेव. डावीकडे, वाकड्या पाइनमागे, शिंगांच्या फांद्या चालत येताहेत. घे, रायफल तुझी आहे.